कापड अडवते, कपडा गळतो

४०० किलोव्होल्टच्या वाहिनीवर वीज चालू असतानाच दुरुस्ती करणारा लाइनमन इन्सुलेटेड शिडीवरून तारेपाशी जातो आणि तार थेट हाताने धरतो. जमिनीच्या तुलनेत त्या तारेवर सुमारे २३१ किलोव्होल्टचा दाब असतो. त्याच्या अंगातला सूट रबराचा नसतो. तो चक्क वीजवाहक असतो: साधारण तीन भाग आगरोधक ॲरामिड धागा आणि एक भाग केसाहून कितीतरी बारीक असे स्टेनलेस स्टीलचे तंतू. हात लावण्याआधी तो सुटाला जोडलेल्या धातूच्या दांडीने तारेला स्पर्श करतो. ठिणगी उडते, सूट तारेच्याच दाबावर येतो, आणि मग चिमट्याने ती जोडणी काम संपेपर्यंत पक्की ठेवली जाते. तारेभोवतीच्या विद्युतक्षेत्रामुळे जो प्रवाह अंगातून गेला असता, तो आता कापडावरून फिरतो.

हा सूट काम करतो तो नुसत्या कापडाच्या जोरावर नाही. टोपडे, हातमोजे, पायमोजे, बूट हे सगळे एकमेकांना विजेच्या दृष्टीने जोडलेले असतात. एक मोजा नीट जोडला नाही तर मोजा आणि बाही यांच्या फटीत ठिणग्या पडतात आणि मनगटाला टोचू लागते. चेहऱ्यापुरती उघडी जागा चालून जाते, कारण तिथून क्षेत्र फार आत शिरत नाही. दाब आणखी वाढला की तिथेही जाळी येते. मात्र तारेतल्या प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र या सुटातून आरपार जाते. ५० हर्ट्झला ते तांब्यातदेखील ९ मिलिमीटरच्या आसपास खोल शिरते, तेव्हा पातळ कापड त्याला काय अडवणार?

मोबाइल आणि वाय-फायच्या लहरींचे गणित वेगळे आहे. १ गिगाहर्ट्झला चांदीत हीच खोली जेमतेम २ मायक्रॉन असते आणि बरीचशी लहर पृष्ठभागावरूनच परतते. म्हणून त्या अडवायला नायलॉनवर चांदीचा अगदी पातळ थर असलेले कापडही पुरते. किती पुरते, हे त्याच्या विद्युतरोधावरून काढता येते. चौरस तुकड्याचा रोध १ ओहम असेल तर सुमारे ४५ डेसिबल अडथळा मिळतो, म्हणजे दहा हजारांत एका भागाहूनही कमी शक्ती पलीकडे पोहोचते. रोध १० ओहम झाला की २६ डेसिबल, १०० ओहम झाला की जेमतेम ९.

पण हे आकडे सपाट, सलग कापडाचे आहेत. जाहिरातीत छापलेले डेसिबलही बहुधा प्रयोगशाळेत साच्यात घट्ट दाबलेल्या तुकड्यावर मोजलेले असतात. कपड्याला गळा असतो, बाह्या असतात, खालचा घेर असतो. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी १२.५ सेंटिमीटर, तिच्या निम्म्याएवढी, म्हणजे ६ सेंटिमीटरची फट तिला जवळजवळ उघड्या दारासारखी. फट ६ मिलिमीटरवर आणली तर २० डेसिबल मिळतात. गरोदर स्त्रियांसाठी विकले जाणारे एप्रन पाठीमागून आणि खालून सताड उघडे असतात. तिथून आत आलेल्या लहरी पोटासमोरच्या चांदीवर आपटून मागे फिरतात आणि काही जागी त्यांची तीव्रता एप्रन नसतानापेक्षा जास्तही होऊ शकते. काळजीत असलेल्या बाईला ही वस्तू ‘सुरक्षा’ म्हणून विकणे आम्हाला गैर वाटते.

फोन आणि शरीर यांच्यामध्ये एकाच बाजूने अस्तर असलेला खिसाही असाच. अँटेनाचे काम बिघडले की टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी फोन आपली शक्ती वाढवतो, बॅटरी लवकर उतरते. फोन गप्प करायचा असेल तर एअरप्लेन मोड लावावा, नाहीतर सगळीकडून बंद पिशवी वापरावी.

अशी पिशवी घरी शिवता येते. ५२ × १५ सेंटिमीटरचे दोन तुकडे एकावर एक ठेवून मधोमध दुमडा. दोन्ही कडा १.५ सेंटिमीटर घेऊन दुहेरी दुमडा, म्हणजे धातूला धातू सलग टेकेल, आणि बारीक टाक्यांनी शिवा. सुईच्या भोकांची चिंता नको, ती लहरीच्या मानाने नगण्य आहेत. गळती होते ती दोन टाक्यांमध्ये कापड फुगून सुटते तिथे. तोंड ४-४ सेंटिमीटरच्या दोन घड्या घालून बंद करायचे. वेल्क्रो घडीच्या आत लावले की फसगत होते: ते प्लास्टिकचे, त्यामुळे दोन धातूंना एकमेकांपासून दूर ठेवते. ते बाहेरच्या अंगाला शिवा.

तपासण्यासाठी फोन लावून ‘रिंग वाजते का’ पाहू नका. टॉवर जवळ असेल तर ४० डेसिबल गमावूनही रिंग वाजते. त्याऐवजी एका फोनवर २.४ गिगाहर्ट्झचा हॉटस्पॉट सुरू करून तो पिशवीत ठेवा आणि दोन मीटरवरून दुसऱ्या फोनवर, सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या वाय-फाय ॲपमध्ये आकडा वाचा. पिशवीबाहेर उणे ४० आणि पिशवीत उणे ८० दिसले, तर ४० डेसिबल मिळाले.

चांदीचे कापड धुण्यात मरते. क्लोरीनचे ब्लीच, घामातले क्षार आणि घासणे यांनी थर काळवंडतो, झिजतो. फॅब्रिक सॉफ्टनर धाग्यांवर लेप चढवून ते एकमेकांना टेकू देत नाही. सौम्य साबणाने, हाताने, न पिळता धुवावे. उरलेल्या कापडाचा १० × १० सेंटिमीटरचा तुकडा कपड्यासोबतच धूत राहा. त्याच्या समोरासमोरच्या कडांना तांब्याची पट्टी पूर्ण लांबीभर लावून मल्टिमीटरने रोध मोजा. मल्टिमीटरची दोन्ही टोके एकमेकांना टेकवून येणारा आकडा त्यातून वजा करायला विसरू नका, एक ओहमच्या मापात तो मोठा ठरतो. वाचन १० ओहमच्या वर गेले की कापड बदलायची वेळ झाली.

क्ष-किरणांना हे कापड दिसतही नाही. त्यांना शिशाचे किंवा तशा जड धातूचेच एप्रन लागते. आणि एमआरआयला जाताना चांदीच्या धाग्याचा कोणताही कपडा, अगदी वास न येण्यासाठी चांदी घातलेला व्यायामाचा बनियनसुद्धा, आधी काढून ठेवा. यंत्रातल्या रेडिओलहरींनी त्या धाग्यांत प्रवाह निर्माण होतो, धागे तापतात आणि त्वचा भाजू शकते.