घरासाठी जनरेटर: किती केव्हीएचा पुरेल, किती केव्हीएचा जड जाईल

‘अख्खं घर चालेल असा जनरेटर द्या’ ही मागणी सरळ वाटते, पण तिचं उत्तर खोल्या मोजून मिळत नाही. तीन खोल्यांच्या घरात बोअरची मोटर आणि दोन गिझर असले, तर त्याला सहा खोल्यांच्या साध्या घरापेक्षा मोठं मशीन लागतं. आकार ठरतो तो दोन टोकांवरून: सगळ्यात जास्त ओढ कोणत्या क्षणी पडते आणि सगळ्यात कमी लोड किती तास चालतो. पहिलं टोक बहुतेक जण विचारतात. दुसरं सहसा कुणी विचारत नाही, आणि डिझेल मशीन जास्त करून तिथेच खराब होतं.

या पत्रकातले आकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ पुरवठ्याचे आहेत.

प्लेटवरचा आकडा

उपकरणांवर वॅट लिहिलेले असतात, जनरेटरवर केव्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर, भागिले हजार). डिझेल सेटचा पॉवर फॅक्टर, म्हणजे केव्हीएतला किती भाग किलोवॅट म्हणून मिळतो तो आकडा, साधारणपणे ०.८ धरतात; म्हणजे १० केव्हीएच्या सेटमधून ८ किलोवॅट मिळतात, १० नव्हे. लहान पेट्रोल मशीनवर ठळक छापलेला आकडा बऱ्याचदा ‘मॅक्स’ असतो. तो काही क्षणांपुरता. हिशोब ‘रेटेड’ आकड्यावर करा, तो प्लेटवर बारीक अक्षरांत सापडेल.

डिझेल सेटवर ‘प्राइम’ (रोज चालवण्यासाठीचा) आणि ‘स्टँडबाय’ (कधीमधी लाइट गेल्यावर चालवण्यासाठीचा) असे दोन आकडे दिसतील. प्राइम रेटिंगवर १२ तासांतून १ तास १० टक्के जादा लोड घेता येतो. स्टँडबाय हीच कमाल मर्यादा, तिच्यावर काही शिल्लक नाही. रोज काही तास लाइट जाणाऱ्या घराने प्राइमचा आकडाच बघावा.

तुमचं ठिकाण उंचावर असेल तर आणखी एक वजावट. टर्बो नसलेल्या इंजिनची ताकद दर ३०० मीटर उंचीला साधारण ३ टक्क्यांनी उतरते. १५०० मीटरवर १० केव्हीएचं मशीन साडेआठ केव्हीएचंच धरा.

लोड मोजणे

मीटरच्या मंजूर लोडवरून किंवा बिलावरून अंदाज बांधू नका. बिल महिन्याची बेरीज सांगतं, क्षणाची ओढ नाही. वायरमनकडचा क्लॅम्प मीटर (वायरीला चिमट्यासारखा पकडून करंट मोजणारा) मेन स्विचजवळ फक्त फेजच्या वायरीभोवती लावा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र पकडल्या तर आकडा शून्याजवळ येतो आणि लोडच नाही असं वाटतं. घरातली नेहमीची उपकरणं एकेक करून चालू करत आकडे लिहून घ्या.

मीटर मिळत नसेल तर हे ढोबळ आकडे चालतील. एलईडी दिवा ९ वॅट, साधा पंखा ७५, फ्रिज चालताना १५० ते २००, मिक्सर ५०० ते ७५०, इस्त्री १०००, इंडक्शन शेगडी १८०० ते २०००, साठवणीचा गिझर २०००. १ एचपी पाण्याची मोटर साधारण ११०० वॅट खाते. प्लेटवरचा एचपी ही तिने दिलेली ताकद असते, घेतलेली वीज त्याहून जास्त. दीड टनी इन्व्हर्टर एसी पूर्ण जोरात १५०० च्या आसपास, खोली गार झाल्यावर निम्म्याहूनही कमी.

एक घर उदाहरणाला घेऊ. १२ दिवे (११०), ६ पंखे (४५०), फ्रिज (१८०), टीव्ही आणि राउटर (१३०), बॅटरी इन्व्हर्टरचं चार्जिंग (३००), १ एचपी मोटर (११००), एक इन्व्हर्टर एसी (१५००), हीटर बंद ठेवून वॉशिंग मशीन (४००). बेरीज ४१७० वॅट. ०.८ ने भागले की सव्वापाच केव्हीए. साडेसात केव्हीएचा सेट ६ किलोवॅट देतो, म्हणजे लोड ७० टक्क्यांच्या आत. डिझेल इंजिनला ५० ते ७५ टक्के लोड मानवतो, त्यामुळे हिशोब जमला.

पण अजून मोटर सुरू व्हायची आहे.

मोटरचा धक्का

मोटर सुरू होताना चालू करंटच्या ४ ते ६ पट ओढते, एखाददुसऱ्या सेकंदासाठी. वीज कंपनीच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरला त्याचं काही वाटत नाही. जनरेटरला वाटतं. वरच्या घरातली मोटर सुरुवातीला ३० अँपिअर ओढत असेल तर ते झाले जवळपास ७ केव्हीए. बाकी घर त्या वेळी साडेतीन केव्हीएवर चालू असेल तर क्षणभराची मागणी साडेदहाला जाते, आणि साडेसातच्या सेटचा व्होल्टेज कोसळतो.

इथे नेमकं काय होतं ते पाहा. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो. व्होल्टेज ८० टक्क्यांवर आला की जोर ६४ टक्के राहतो. भरल्या पाइपाचं वजन उचलायला तो पुरला नाही तर मोटर वेग धरत नाही, घुंऽऽ आवाज करत बसते आणि तोच सुरुवातीचा करंट ओढत राहते. स्टार्टरचा कॉन्टॅक्टर (आतला चुंबकी स्विच) टकटक करू लागतो, दिवे मिणमिणतात, वाइंडिंग तापतं. ओव्हरलोड रिले (जास्त करंटला मोटर बंद करणारा) नीट लावलेला नसेल तर मोटर जळते आणि दोष जनरेटरच्या माथी बसतो.

उपाय दोन. पहिला फुकटचा: जनरेटर सुरू झाल्यावर आधी एकटी मोटर चालू करा, ती वेगात आली की एसी आणि बाकीचं. या शिस्तीने वरचं घर साडेसातमध्ये चालतं. दुसरा: मोटर टाकीच्या फ्लोट स्विचवर आपोआप चालू होत असेल, म्हणजे वेळ तुमच्या हातात नसेल, तर १० केव्हीए घ्या किंवा मोटरला सॉफ्ट स्टार्टर (तिला हळूहळू वेग देऊन धक्का कमी करणारा) चालतो का ते बघा. सॉफ्ट स्टार्टर सहसा थ्री फेज मोटरला नीट लागू पडतो; सिंगल फेज मोटरला कोणताही लावण्याआधी मोटर बनवणाऱ्या कंपनीला विचारा.

जुना, ठरावीक वेगाचा एसी आणि फ्रिज यांना आणखी एक खोड आहे. बंद पडल्याबरोबर लगेच चालू केले तर कॉम्प्रेसरमधला दाब उतरलेला नसतो आणि तो अडकून जास्त करंट ओढतो. लाइट गेल्यापासून ३ ते ५ मिनिटं जाऊ द्या. ऑटोमॅटिक चेंजओव्हर (घराला लाइनवरून जनरेटरवर आपोआप टाकणारा स्विच) घेणाऱ्यांनी एसीला टाइम डिले बसवून घ्यावा, कारण तो १०-१५ सेकंदांतच घर जनरेटरवर टाकतो.

मोठं घेतलं तर बिघडतं काय?

‘पुढे लोड वाढेल, १५ चाच घेऊन ठेवू’ असं बरेच जण म्हणतात. १५ केव्हीए म्हणजे १२ किलोवॅट. वरच्या घरात रात्री एसी बंद असेल तर पंखे, फ्रिज आणि राउटर मिळून जेमतेम ७०० वॅट, म्हणजे ६ टक्के. इतक्या हलक्या लोडवर डिझेल इंजिन पुरेसं तापत नाही. डिझेल अर्धवट जळतं, उरलेलं काजळीत मिसळून सायलेन्सरमध्ये साचतं. काही महिन्यांनी एक्झॉस्टच्या सांध्यातून काळा, चिकट द्रव ठिबकू लागतो. तो ऑइल लीक समजून गॅस्केट बदलणं हा नेहमीचा गैरसमज. आत सिलिंडरची भिंत काचेसारखी गुळगुळीत होत जाते, रिंगा नीट बसत नाहीत आणि इंजिन ऑइल पिऊ लागतं.

लोड ३० टक्क्यांच्या खाली तासन्‌तास राहू नये, हा नियम. साडेसातच्या सेटलाही रात्रीचे ७०० वॅट कमीच आहेत. म्हणून आमचं मत असं की रात्र बॅटरी इन्व्हर्टरवर काढावी आणि जनरेटर दिवसातून दोन-तीन तास भरपूर लोडवर चालवावा: टाकी भरा, बॅटरी चार्ज करा, फ्रिज गार करा, कपडे धुवा, मग बंद. डिझेलही वाचतं. लहान सेटला दर युनिटमागे ०.३५ ते ०.४ लिटर डिझेल लागतं, पण रिकाम्या फिरण्याला लागणारं डिझेल कोणत्याच युनिटात मोजलं जात नाही.

गिझर आणि इंडक्शन जनरेटरवर नकोतच. ते हवे असतील तर एका वेळी एक, अशी वायरिंग करून घ्या.

सिंगल की थ्री फेज

घरात थ्री फेज मीटर आहे म्हणून जनरेटरही थ्री फेज हवाच असं नाही. १५ केव्हीएचा थ्री फेज सेट एका फेजवर ५ केव्हीएच देतो, म्हणजे साधारण २२ अँपिअर. एसी, मोटर आणि गिझर एकाच फेजवर असले तर बाकीचे दोन फेज रिकामे असूनही ब्रेकर ट्रिप होतो. थ्री फेज मोटर नसेल तर सिंगल फेज सेट घेऊन चेंजओव्हरमध्ये तिन्ही फेज एकत्र जोडणं सोपं पडतं. मात्र तेव्हा न्यूट्रलमधून तिन्ही फेजचा करंट एकदम परत येतो. न्यूट्रलची वायर तेवढी जाड आहे का ते आधी तपासा.

चेंजओव्हर टाळू नका

दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर सॉकेटात खुपसून घर चालवणं आम्ही कोणत्याही अटीवर करून देत नाही. मेन चालू राहिला तर तुमची वीज उलटी लाइनवर जाते, ट्रान्सफॉर्मर तिचे हजारो व्होल्ट करतो आणि खांबावर काम करणारा माणूस मरतो. लाइट परत आली तर जनरेटरचा अल्टरनेटर जळतो.

सिंगल फेजला दोन पोलचा, थ्री फेजला चार पोलचा चेंजओव्हर लावा, म्हणजे न्यूट्रलही तुटतो. न्यूट्रल सामाईक ठेवला तर आरसीसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा ब्रेकर) विनाकारण ट्रिप होतो किंवा गरजेच्या वेळी होत नाही. १० केव्हीए सिंगल फेज म्हणजे ४३ अँपिअरहून जास्त. केबल आणि ब्रेकर त्या हिशोबाने.

घरातला इन्व्हर्टर आणि सोलर

बॅटरी इन्व्हर्टर जनरेटरची वीज स्वीकारत नाही, अशी तक्रार नेहमीची. बहुतेक वेळा मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर असतं, त्यात व्होल्टेजची मर्यादा अरुंद असते. ‘नॉर्मल’वर टाका.

छतावरचं ग्रिडला जोडलेलं सोलर चेंजओव्हरच्या लाइनकडच्या बाजूला हवं. घराच्या बाजूला राहिलं तर ते जनरेटरलाच ग्रिड समजून त्यात वीज ढकलतं आणि व्होल्टेज चढतो.

जागा

धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मशीन घरात, गॅरेजात, जिन्याखाली किंवा बंद बाल्कनीत ठेवू नका. दार-खिडकीपासून ६ मीटर तरी लांब, धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला. रेडिएटरची गरम हवा भिंतीवर आपटून परत आत खेचली जात असेल तर मशीन उन्हाळ्यात तापून बंद पडतं, आणि कूलंट भरत राहून ते सुधारत नाही.

वर्षभराची काळजी

ऐन वेळी सुरू न होण्याचं सर्वांत नेहमीचं कारण बॅटरी. आराम अवस्थेत १२.६ व्होल्ट हवेत, १२.४ च्या खाली गेली तर चार्ज करा. स्टार्ट मारताना ९.६ च्या खाली गेली तर बदला.

महिन्यातून एकदा अर्धा तास चालवा, किमान एक तृतीयांश लोडवर. नुसता रिकामा फिरवणं म्हणजे काजळी जमवणं. पहिलं ऑइल बहुतेक मशीनना ५० तासांवर, पुढे पुस्तकाप्रमाणे. तास कमी भरले तरी वर्षातून एकदा. डिझेल टाकी भरलेली ठेवा म्हणजे आत वाफ धरून पाणी होत नाही. टाकी पूर्ण संपली तर पाइपात हवा शिरते; हँड पंप मारून, ब्लीड स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत ती काढावी लागते. पेट्रोल मशीन ठेवून देताना कॉक बंद करा आणि ते आपोआप बंद पडू द्या, नाहीतर कार्बुरेटरच्या जेटमध्ये डिंकासारखा थर बसतो.

आम्हाला बोलावण्याआधी

मोटरच्या आणि एसीच्या प्लेटचा फोटो, मेन स्विचवरचा अँपिअर आकडा, सोलर असल्यास त्याची जोडणी कुठे आहे ते, आणि लाइट गेल्यावर तुम्हाला एकाच वेळी काय काय चालू हवं त्याची यादी तयार ठेवा. यादी करताना घरातल्या सगळ्यांना विचारा. गिझर बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी आठवतो.