तास, दिवस, महिना आणि हजार विड्या : किमान वेतनाची पार्श्वभूमी

कोणत्या देशात मजुराला किती मिळतं, याचे तक्ते अधूनमधून सगळीकडे फिरत असतात. सगळे आकडे रुपयांत आणलेले. वर ऑस्ट्रेलिया-युरोप, खाली आपण. सोलापुरात बसून असा तक्ता वाचायला घेतला की पहिली अडचण मापाची येते. अमेरिकेचा केंद्रीय दर तासाचा आहे, ७.२५ डॉलर, आणि जुलै २००९ पासून तो तसाच आहे. बांगलादेशात कपडे शिवणाऱ्या कामगारांचा दर महिन्याचा, डिसेंबर २०२३ पासून १२,५०० टका. आपल्याकडचा राष्ट्रीय तळदर, म्हणजे ज्याखाली मजुरी जाऊ नये असा केंद्राचा आकडा, दिवसाचा. आणि शहराच्या पूर्व भागात किंवा विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीत घरी विड्या वळणाऱ्या बायकांची मजुरी ठरते हजार विड्यांमागे.

हजारामागे म्हणजे काय, हे जरा जवळून पाहायला हवं. पान भिजवायचं, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं, मापानं कात्रीनं कापायचं. मग तंबाखू भरून वळायचं, टोक दुमडायचं, दोरा बांधायचा. पैसे मिळतात ते फक्त मोजून घेतलेल्या विडीचे. भिजवण्या-कापण्यातला वेळ कुणी धरत नाही. दिलेली पानं फाटकी निघाली आणि हजार भरली नाहीत, तर कमी पडणारी पानं बाई पदरच्या पैशानं आणते. तपासणीत बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे बहुतेक वेळा बुडतात. तासाच्या दरात यातलं काहीच दिसत नाही, म्हणून रुपया-डॉलरची तुलना इथे लंगडी पडते.

खरं तर किमान वेतनाचा कायदा जन्माला आला तो अशाच बायकांमुळे. न्यूझीलंडने १८९४ मध्ये मालक-मजूर तंट्यांसाठी लवादाचा कायदा केला. १८९६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांताने वेतन मंडळं नेमली, तीही घरी कपडे शिवणाऱ्यांची पिळवणूक थांबवण्यासाठी. ब्रिटनने १९०९ मध्ये ट्रेड बोर्ड (धंदावार वेतन मंडळं) कायदा केला तेव्हा त्यात चारच धंदे घेतले : तयार कपडे, कागदी खोके, लेस आणि साखळ्या. चारही ठिकाणी बायकांची संख्या मोठी, मजुरी कमी आणि संघटना कमजोर.

यातला साखळ्यांचा धंदा मला सोलापूरच्या फार जवळचा वाटतो. क्रॅडली हीथ नावाच्या गावात बायका घरामागच्या छपरात भट्टी पेटवून लोखंडाच्या कड्या ठोकत. १९१० मध्ये मंडळाने त्यांना तासाला अडीच पेन्स ठरवून दिले, म्हणजे आधीच्या जवळपास दुप्पट. मालकांनी मग एक कागद पुढे केला : नवा दर आम्हाला तूर्त नको, असं लिहिलेला. वाचता न येणाऱ्या कितीतरी जणींनी त्यावर सही-अंगठा केला. बाकीच्या कामगार पुढारी मेरी मॅकआर्थर यांच्या नेतृत्वाखाली अडून बसल्या, दहा आठवडे काम बंद राहिलं आणि दर मिळाला. संपनिधीतून उरलेल्या पैशांत त्यांनी कामगारांसाठी इमारत बांधली. कायदा आधीच झालेला होता. तो पदरात पाडून घ्यायला संप करावा लागला, हे विसरून चालणार नाही.

किती पैसे द्यायचे, याचं सूत्र मात्र पुरुषाभोवती बांधलं गेलं. १९०७ मध्ये ऑस्ट्रेलियात न्यायमूर्ती हिगिन्स यांनी अकुशल कामगाराला दिवसाला सात शिलिंग ठरवले, ते नवरा, बायको आणि तीन मुलं एवढ्यांचा संसार चालेल या हिशेबाने. भारतात १९५७ च्या पंधराव्या श्रम परिषदेने (सरकार, मालक आणि कामगार संघटनांची बैठक) हीच वाट धरली : माणशी २,७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, आणि खाणारी तीन एककं. कमावता पुरुष एक, बायको ०.८, दोन मुलं प्रत्येकी ०.६. बायकोची कमाई हिशेबात धरायचीच नाही, असंही ठरलं. त्यामागचा हेतू चांगला होता, पुरुषाची मजुरी पाडायला ती निमित्त होऊ नये. पण गिरण्या बंद पडल्यावर सोलापुरात कितीतरी घरं विडीवर तगली. तिथे ती ०.८ वाली बाईच कमावती होती.

सोलापूरचं या सगळ्यात आणखी एक स्थान आहे. १९२० च्या दशकात मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने इथल्या गिरणी कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली होती. औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक काढताना आजही सोलापूर हे एक केंद्र आहे. इथल्या बाजारातले भाव महागाई मोजायला देशाला उपयोगी पडतात.

१९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या परिशिष्टात, म्हणजे तो लागू असलेल्या धंद्यांच्या यादीत, अगदी वरच्या नोंदींमध्ये तंबाखू उद्योग आहे, त्यात विडीचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे कायद्याला विडी कामगार माहीत नव्हता, असं म्हणता येत नाही. आकडा मात्र नेहमी मागे राहिला. २०१९ मध्ये केंद्राच्याच तज्ज्ञ समितीने दिवसाला ३७५ रुपयांची शिफारस केली. सरकारने तळदर १७६ वरून १७८ केला. दोन रुपयांची ही वाढ मला आजही अपमानास्पद वाटते. तोही दर राज्यांवर बंधनकारक नव्हता.

स्वीडन, डेन्मार्कमध्ये किमान वेतनाचा कायदाच नाही, तरी तक्त्यात ते खाली जात नाहीत. तिथे दर संघटना आणि मालक यांच्या करारातून ठरतात. घरोघर विखुरलेल्या कामगारांना असा करार करून घेणं किती अवघड जातं, हे सोलापूरच्या विडी संघटनांनी अनुभवलंय. तरीही त्यांनी घरांचा प्रश्न लावून धरला. सोलापूरजवळच्या कुंभारीत असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांच्या रे नगर वसाहतीचं काम हाती घेतलं गेलं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या कायद्याची जागा घेणारी केंद्राची वेतन संहिता लागू झाली आहे. ठरावीक धंद्यांचं परिशिष्ट गेलं, तळदर राज्यांना बंधनकारक झाला. नगावर काम करणाऱ्यांना वेळेच्या हिशेबाने किमान मजुरी मिळेल असा दर सरकारने ठरवावा, असं त्यात म्हटलंय. तेव्हा आता सोलापुरात मोजायला हवं ते हे : आठ तासांत एक बाई किती विड्या वळते. आणि घड्याळ लावायचं ते पान भिजत घालण्यापासून.