कॉलेजच्या पोरांना लिहिता येत नाही: दीडशे वर्षांची तक्रार

"हल्लीच्या पोरांना धड चार ओळी लिहिता येत नाहीत" ही तक्रार मोबाइल आल्यापासूनची आहे असं वाटत असेल तर सोडा, अमेरिकेत ती १८७०च्या दशकातही जोरात होती. हार्वर्डने १८७४ला प्रवेश परीक्षेत निबंध घातला, चांगल्या शाळांतली पोरंही त्यात आपटली, आणि त्यातून पुढे पहिल्या वर्षाला लेखनाचा सक्तीचा कोर्स आला जो बाकी कॉलेजांनीही उचलला.

रिसर्च मात्र बराच काळ चुका मोजण्यातच अडकला. १९६३ला ब्रॅडॉक, लॉइड-जोन्स आणि शोअर यांनी तोवरचे अभ्यास चाळून सांगितलं की नुसतं व्याकरण घोकवून लेखन सुधारत नाही, उलट लिहायचा वेळ त्यात जातो म्हणून तोटाच होऊ शकतो (शिकवणाऱ्यांनी हे किती मनावर घेतलं ते दिसतंच आहे). मग १९७१ला जेनेट एमिगने बारावीच्या आठ मुलांना लिहिता लिहिता डोक्यात काय चाललंय ते मोठ्याने बोलायला लावलं, आणि पेपरावरून नजर लिहिणाऱ्याकडे वळली.

मला यात सगळ्यात भारी वाटते ती लेखन शिकवणारी मिना शॉनेसी. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने १९७०ला सगळ्यांना दार उघडलं, तिने तिथल्या नव्या विद्यार्थ्यांचे सुमारे ४००० निबंध वाचले आणि १९७७च्या पुस्तकात दाखवून दिलं की या चुका आळसातून होत नाहीत, त्यांच्यामागे लॉजिक असतं, म्हणजे मुलाने एक नियम पकडलेला असतो आणि तो नको तिथेही लावतो.

आणि चुका वाढल्या का? १९१७च्या अभ्यासात १०० शब्दांमागे २.११ चुका होत्या, २००६च्या डेटात २.४५, म्हणजे फरक किरकोळच, पण निबंधाची सरासरी लांबी १६२ शब्दांवरून १०३८वर गेली, हे कोणी बोलतच नाही.

आता २०२२च्या शेवटी चॅटजीपीटी आल्यापासून वांधा वेगळाच झालाय, हातात आलेला पेपर वाचून तो कोणी लिहिला हेच कळत नाही, त्यामुळे नुसत्या पेपरावरचा रिसर्च लंगडा पडणार. कीस्ट्रोक, म्हणजे कीबोर्डवर दाबलेली प्रत्येक की, रेकॉर्ड करून कोण कुठे थांबला, काय खोडलं हे बघता येतं आणि पुढचं बरंच काम त्यावर होईल असं मला वाटतं, फक्त तोच डेटा कॉपी पकडायलाही वापरला जाणार, आणि आपल्यावर नजर आहे हे माहीत असलेला पोरगा एरवीसारखा लिहील कशाला?