ओएस डॉट सिस्टिम वापरू नको म्हणतात, पण का? थोडी पार्श्वभूमी

पायथॉन शिकणारा कधी ना कधी विचारतोच, की स्क्रिप्टमधून सिस्टिमची कमांड कशी चालवायची. आणि उत्तर येतं ते दटावल्यासारखं: ओएस डॉट सिस्टिम (कमांडची स्ट्रिंग शेलकडे, म्हणजे टाइप केलेली कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामकडे, देणारं फंक्शन) नको, सबप्रोसेस हे मॉड्यूल वापर, त्यात शेल ट्रू (मध्ये शेल आणायचा पर्याय) तर अजिबात करू नको. का नको, हे सांगायला फार कमी लोक थांबतात, आणि माझ्या मते तेच सांगायला हवं, कारण त्यामागे कित्येक दशकांचा खाल्लेला मार आहे आणि तो कळला की नियम पाठ करावा लागत नाही.

कमांड फाइलमध्ये लिहून ठेवायच्या आणि एकामागून एक चालवायच्या ही कल्पना युनिक्सच्याही आधीची, एमआयटीच्या सीटीएसएस या ऑपरेटिंग सिस्टिमवर लुई पूझाँने १९६३-६४ च्या सुमारास रनकॉम नावाचा प्रोग्राम लिहिला तिथली. पुढे बेल लॅब्समध्ये युनिक्स आलं आणि दुसरा प्रोग्राम चालवायला फोर्क (प्रोग्रामने स्वतःची प्रत काढणं) आणि एक्झेक (त्या प्रतीच्या जागी दुसरा प्रोग्राम चालवणं) हे दोन कॉल मिळाले. या वाटेने गेलं की मध्ये शेल नसतो, प्रत्येक आर्ग्युमेंट (प्रोग्रामला दिलेली माहिती, जसं फाइलचं नाव) वेगवेगळं, आहे तसं पोचतं. पण दरवेळी एवढं कोण लिहिणार, म्हणून १९७९ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत सी मध्ये सिस्टिम आणि पीओपन ही फंक्शन्स आलेली होती. एक स्ट्रिंग द्यायची, ती सरळ शेलकडे जाते आणि तिचा अर्थ काय लावायचा ते शेल ठरवतो.

सगळी गोची इथेच आहे. समजा फाइलचं नाव आहे 'लग्नाचे फोटो.झिप' आणि तुम्ही 'अनझिप' पुढे ते नाव प्लसने जोडून सिस्टिमला दिलंत. शेलला मधली स्पेस दिसते, तो दोन शब्द करतो, अनझिप 'लग्नाचे' नावाची फाइल शोधतो आणि ती सापडत नाही म्हणतो. इथवर नुसता त्रास. पण नावात अर्धविराम असेल तर त्याच्यापुढचं सगळं शेलसाठी नवीन कमांड, आणि फाइल लोकांनी अपलोड केलेली असेल तर ती कमांड कोणती हे ठरवणारा तुम्ही नाही, तो अनोळखी माणूस.

युनिक्सवर याचा एक प्रकार तर फारच डोकेबाज होता. शब्द कुठे तोडायचे हे शेल आयएफएस नावाच्या व्हेरिएबलवरून ठरवायचा. त्यात कुणी स्लॅश टाकून ठेवला, की रूटच्या, म्हणजे सगळं करू शकणाऱ्या युजरच्या, अधिकाराने चालणारा प्रोग्राम सिस्टिम फंक्शनमधून '/बिन/मेल' असा पूर्ण पाथ देऊन मेल पाठवायला गेला तरी शेल त्या पाथचेच तुकडे करायचा आणि 'बिन' नावाचा प्रोग्राम शोधायचा, आणि तो त्या माणसाने आधीच आपल्या फोल्डरमध्ये करून ठेवलेला असायचा. शेवटी बाहेरून आलेला आयएफएस मानायचाच नाही असं शेलवाल्यांना करावं लागलं.

मग वेब आलं, १९९३ मध्ये सीजीआय (वेब सर्व्हरने दुसरा प्रोग्राम चालवायची पद्धत), आणि फॉर्ममध्ये टाइप केलेलं थेट शेलपर्यंत जायला लागलं. वेब सर्व्हरसोबत नमुना म्हणून पीएचएफ नावाची स्क्रिप्ट मिळायची, ती धोकादायक कॅरेक्टर्स गाळायची पण न्यूलाइन (ओळ तोडणारं कॅरेक्टर, शेलसाठी तिथून नवीन कमांड) गाळायला विसरली होती. १९९६ मध्ये सर्ट या संगणक सुरक्षेच्या संस्थेने त्याबद्दल जाहीर इशारा दिला. एक न्यूलाइन टाकायची आणि पुढे पासवर्ड फाइल दाखवायची कमांड, बस. वाईट कॅरेक्टर्सची यादी करून गाळत बसणं पुरत नाही हे तेव्हा नीट कळलं, यादीत काहीतरी राहतंच. पर्ल भाषेत तर टेंट मोड आधीपासूनच होता, म्हणजे बाहेरून आलेला डेटा तपासल्याशिवाय कमांडमध्ये वापरू द्यायचा नाही. पायथॉनमध्ये २००४ साली २.४ सोबत सबप्रोसेस आलं, त्यात कमांड लिस्ट म्हणून द्यायची, शेल मुद्दाम मागितला तरच मिळतो. म्हणजे फिरून त्या जुन्या एक्झेकच्याच वाटेवर.

आता तो दटावणारा सूर. पुन्हा पुन्हा तोच प्रश्न येतो, उत्तर देणारा वैतागतो, हे युझनेटच्या (इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांच्या) काळापासून चालू आहे, १९९५ मध्ये तर नेटवर कसं वागावं याचा आरएफसी १८५५ नावाचा दस्तऐवजसुद्धा निघाला. पण घरच्या लॅपटॉपवर स्वतःच्याच दहा फाइल्सची नावं बदलणाऱ्याला नुसतं 'असं करू नको' म्हणून सोडून देणं बरोबर नाही. आधी त्याची कमांड चालवून द्या, मग लिस्ट का वापरायची ते दोन ओळींत सांगा. आणि विचारणाऱ्यानेही 'चालत नाहीये' एवढंच न लिहिता कमांड, पूर्ण एरर आणि एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना देतो तो आकडा) जसाच्या तसा टाकावा, स्क्रीनशॉट नको.

ऑपरेटिंग सिस्टिमसुद्धा लिहावी, कारण विंडोजवर गोष्ट वेगळी आहे. तिथे नवीन प्रोसेसला आर्ग्युमेंटची लिस्ट मिळतच नाही, एकच सलग स्ट्रिंग मिळते, आणि बॅट फाइल (विंडोजवरची कमांड लिहिलेली फाइल) चालवली की मध्ये गुपचूप सीएमडी, म्हणजे विंडोजचा शेल, येतो. त्यामुळे लिस्ट देऊनही कमांड घुसवता येते हे एप्रिल २०२४ मध्ये उघड झालं. रस्ट भाषेने १.७७.२ मध्ये दुरुस्ती केली, नोडने (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामने) त्याच महिन्यात बॅट फाइल शेल मागितल्याशिवाय चालवणंच बंद केलं, आणि कालपर्यंत नीट चालणाऱ्या कितीतरी बिल्ड स्क्रिप्ट्स अपडेटनंतर ईइनव्हॅल ही एरर देऊन थांबल्या. अशा वेळी प्रश्नात नोडचं व्हर्जन नसेल तर उत्तर देणारा तासभर पाथच तपासत बसतो.