दोन जबडे, दोन वेळापत्रकं

मुलाचे दात पुढे दिसू लागले की घरात ठरलेलं वाक्य येतं, 'दुधाचे सगळे पडू देत, मग तारा लावू.' दोष फक्त दातांचा असेल तर थांबून बिघडत नाही. जबड्याचा असेल तर बिघडतं. दात चाळिशीतही सरकवता येतात. थांबलेली वाढ परत मिळत नाही.

वरचा जबडा कवटीला शिवणींनी, म्हणजे हाडांमधल्या सांध्यांनी, जोडलेला असतो. तिथे नवं हाड तयार होतं आणि जबडा खाली-पुढे येतो. टाळूच्या मध्यावरची शिवण किशोरवयात घट्ट होत जाते, म्हणून अरुंद टाळू रुंदावणारा स्क्रू त्याआधीच बसवायचा. चावीचा पाव फेरा म्हणजे ०.२५ मिमी, दिवसातून एकदा किंवा दोनदा. काही दिवसांत वरच्या मधल्या दोन दातांत फट पडते. पालक धास्तावतात, पण शिवण उघडल्याची खूण तीच! पुढे फट आपोआप मिटते. तेव्हा काम संपलं म्हणून स्क्रू काढून घेतला तर मिळालेली रुंदी बरीचशी जाते; शिवणीत हाड भरायला तीन ते सहा महिने लागतात.

खालच्या जबड्याचं गणित वेगळं. तो कानापुढच्या सांध्यातल्या कूर्चेतून वाढतो. त्याच्या उभ्या भागाची पुढची कड झिजते, मागच्या कडेवर हाड चढतं आणि दाढांना जागा होते. ही वाढ उंचीबरोबर झपाट्याने होते, मुलींत साधारण १०-१२व्या वर्षी, मुलांत दोनेक वर्षं उशिरा. पण जन्मतारखेवर विसंबू नये. बाजूने काढलेल्या एक्स-रेत मानेचे मणके पाहतात: दुसऱ्या-तिसऱ्याच्या खालच्या कडेला खळगा आणि चौथ्याची कड अजून सपाट, म्हणजे झपाटा तोंडावर आलाय. मुलीला पाळी सुरू झाली असेल तर त्याचा जोर बहुधा ओसरू लागलेला असतो.

मागे राहिलेल्या खालच्या जबड्यासाठी 'ट्विन ब्लॉक' याच काळात देतात. स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी १९७७मध्ये तो आणला. वर-खाली दोन ठोकळे, सुमारे ७० अंशांच्या उतारावर एकमेकांना भिडणारे. तोंड मिटलं की जबडा पुढेच येतो. जेवतानाही घालायचा असतो, आणि नेमका तिथेच कंटाळा होतो. जाहिरातींत दिसतो तेवढा जबडा मात्र वाढत नाही. सुधारणेचा बराच वाटा दात सरकण्याचा असतो.

खालचा जबडाच पुढे असेल तर? वरचा मागे राहिल्याने तसं दिसत असेल, तर वयाच्या आठ-दहा वर्षांच्या आत फेसमास्क (कपाळ-हनुवटीवर टेकणारी चौकट) लावून तो पुढे ओढतात. खालचाच मोठा असेल तर शस्त्रक्रियेची घाई नको, कारण तो वरच्यानंतरही वाढत राहतो. वर्षाच्या अंतराने काढलेले दोन एक्स-रे जुळले, की मगच तारीख घ्यावी.