मोदेनात जन्मली, सिल्व्हरस्टोनला हरली

फॉर्म्युला वनच्या जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत 13 मे 1950 रोजी इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनला झाली. पहिले तिन्ही क्रमांक आल्फा रोमिओ या इटालियन कंपनीच्या लाल गाड्यांनी पटकावले. आल्फा त्या वर्षी अजिंक्यपदाच्या सहा शर्यतींत उतरली आणि सहाही जिंकली. इटलीचा जुझेप्पे फारिना पहिला जगज्जेता ठरला.

ही गाडी, 'आल्फेता', तेव्हा नवी नव्हती. तिची जुळणी 1937-38 मध्ये झाली, तीही आल्फाच्या मिलानमध्ये नव्हे, मोदेनात, एन्झो फेरारीच्या वर्कशॉपमध्ये. आराखडा जोआकिनो कोलंबोचा. फेरारी त्या काळी आल्फाच्याच गाड्या शर्यतीत उतरवत असे. 1939 मध्ये दोघांचं फाटलं आणि चार वर्षं स्वतःच्या नावाने शर्यतीत उतरायचं नाही, ही अट मान्य करून तो बाहेर पडला.

इटलीने या खेळाला काय दिलं, असं कुणी विचारलं की मला आधी 14 जुलै 1951ची शर्यत आठवते. पुन्हा सिल्व्हरस्टोनच. आल्फेताचं इंजिन दीड लिटरचं, सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) लावलेलं. जोर अफाट, पण इंधन पाण्यासारखं पिणारं. त्यामुळे वाटेत थांबून टाकी भरणं आलंच. एन्झोच्या आता स्वतःच्या असलेल्या फेरारी संघासाठी ऑरेलियो लाम्प्रेदीने उलटा विचार केला : साडेचार लिटरचं मोठं इंजिन, सुपरचार्जरच नाही, म्हणून तहानही कमी. अर्जेंटिनाचा गोन्झालेस ती गाडी घेऊन आघाडीवर असताना पिटमध्ये, म्हणजे वाटेत थांबण्याच्या जागी आला. संघातला वरिष्ठ आल्बेर्तो आस्कारी स्वतःची गाडी बिघडल्याने तिथेच उभा होता. गोन्झालेसने त्याला आपली जागा देऊ केली. तेव्हाच्या नियमांत ते बसत होतं. आस्कारीने नकार देऊन त्यालाच पुढे पाठवलं. 51 सेकंदांनी गोन्झालेस जिंकला. मागे होता आल्फेता चालवणारा, अर्जेंटिनाचाच फान्जिओ. अजिंक्यपदातला फेरारीचा हा पहिला विजय. आपण आपल्या आईलाच मारलं असं वाटलं, असं एन्झोने पुढे लिहिलं.

फान्जिओने त्या वर्षीचं अजिंक्यपद आल्फाला मिळवून दिलं आणि आल्फाने माघार घेतली. 1952 आणि 1953ची अजिंक्यपदं फेरारीतून आस्कारीने जिंकली. 26 मे 1955 रोजी इटलीतल्या मोन्झाच्या शर्यतमार्गावर सराव करताना तो गेला, वयाच्या 36व्या वर्षी. त्याचे वडील आन्तोनियोही 36व्याच वर्षी, 1925 मध्ये शर्यतीतच गेले होते.

फेरारीने नंतर कितीतरी जगज्जेते घडवले, पण 2025 पर्यंत त्यांत एकही इटालियन नव्हता. आस्कारी गेला ते मोन्झाचं वळण आज त्याच्याच नावाने ओळखलं जातं.