कपाशी माजते, बोंड धरत नाही: मायलिनच्या दुरुस्तीमागचा इतिहास

दिवस भरायच्या आत जन्मलेलं बाळ नवजात कक्षातून घरी येतं. पुढे कधीतरी एमआरआय होतो आणि ‘मेंदूच्या पांढऱ्या भागाला मार बसला’ असं घरच्यांना कळतं. मग गावात कोणीतरी सांगतं, “नागपूरले ग्रोथ फॅक्टरचं इंजेक्शन भेटते म्हणते.” ग्रोथ फॅक्टर म्हणजे पेशींना वाढायचा इशारा देणारी प्रथिनं. वाढीचे हे घटक खरे आहेत, त्यांच्यावरचं संशोधनही खरं आहे. पण त्या संशोधनाला चाळीस वर्षांत जी ठेच लागली, ती इंजेक्शन विकणारा सांगत नाही.

मेंदूचा हा भाग पांढरा दिसतो तो मायलिनमुळे. मायलिन म्हणजे मज्जातंतूवर पापुद्र्यापापुद्र्यानं गुंडाळलेलं चरबीचं वेष्टन. विहिरीवरच्या मोटारीच्या वायरीचं रबर उंदरानं कुरतडलं की तार शाबूत असूनही करंट नीट पोचत नाही. इथंही तसंच होतं. फरक एवढाच, की मायलिन सलग नसतं. त्यात ठरावीक अंतरावर फटी असतात आणि संदेश एका फटीवरून दुसरीवर उड्या मारत जातो. जाड, वेष्टित तंतूत तो सेकंदाला शंभर मीटरपर्यंत पळतो, तर उघड्या बारीक तंतूत मीटरभराच्या आसपास. ‘मायलिन’ हे नाव फिरखो या जर्मन डॉक्टरांनी १८५४ मध्ये दिलं. मेंदूत हे वेष्टन गुंडाळणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट पेशी रिओ-ऑर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञानं १९२१ मध्ये वेगळ्या ओळखून दाखवल्या. अशी एक पेशी कित्येक तंतूंना वेष्टन पुरवते. म्हणून एक मेली की नुकसान अनेक ठिकाणी दिसतं.

मेंदूत एकदा गेलं ते गेलंच, असा समज बराच काळ होता. १९६१ मध्ये बंज दांपत्य आणि रिस यांनी प्रौढ मांजराच्या मज्जारज्जूत नवं मायलिन बनताना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. ते मूळच्यापेक्षा पातळ होतं आणि त्याचे तुकडे आखूड होते. दुरुस्त झालेली जागा आजही याच खुणेवरून ओळखतात.

पुढचं बरंचसं काम उंदरांवर झालं. किलोभर खाद्यात २ ग्रॅम क्युप्रिझोन मिसळून पाच-सहा आठवडे दिलं, की मेंदूचे दोन अर्धे भाग जोडणाऱ्या पट्ट्यातलं मायलिन झडतं. ते खाद्य बंद केलं की काही आठवड्यांत बरंचसं परत येतं. म्हणजे तरुण, निरोगी मेंदूला दुरुस्तीची कला येते. मग माणसाच्या जखमेत ती अडते कुठं?

१९८३ मध्ये रॅफ, मिलर आणि नोबल यांना उंदराच्या डोळ्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूत ऑलिगोडेंड्रोसाइटच्या पूर्वज पेशी सापडल्या. १९८८ मध्ये कळलं, की पीडीजीएफ हा वाढघटक या पेशींना विभागत ठेवतो. आयजीएफ-१ हा दुसरा वाढघटक त्यांना पक्व व्हायला मदत करतो, हेही त्याच दशकात पुढे आलं. उत्साह वाढणारच. पण १९९० मध्ये पीडीजीएफच्या जोडीला एफजीएफ-२ हा आणखी एक वाढघटक दिल्यावर पेशी नुसत्या वाढतच राहिल्या, पक्व होईनात. कपाशीला युरिया जास्त झाला की काय होतं, हे आपल्याकडे कोणाला सांगावं लागत नाही: झाड माजतं, पानंच पानं येतात, पात्या गळतात आणि बोंडं धरत नाहीत. २००६ मध्ये प्रौढ उंदरांच्या मेंदूतल्या पोकळीत पीडीजीएफ सोडला, तेव्हा तर गाठीसारखी वाढ दिसली. ‘जास्त दिलं तर जास्त बरं’ हा हिशोब इथं चालत नाही.

सगळ्यात महत्त्वाचा पुरावा मला २००२ चा वाटतो. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच मायलिनवर उलटते. त्याच्या जुन्या जखमांत पूर्वज पेशी संपल्या असतील, असा अंदाज होता. मृत रुग्णांच्या मेंदूत पाहिलं तर अनेक जखमांत अर्धपक्व पेशी हजर होत्या. त्यांचे हात तंतूला टेकलेले होते, पण वेष्टन गुंडाळलेलं नव्हतं. पेरा झालेला, उगवणही बरी. पीक फुलोऱ्याआधी अडकलेलं.

अकाली जन्मलेल्या बाळाचं असंच होतं. गर्भाच्या २३ ते ३२ आठवड्यांत या पेशी अर्धवट वयाच्या असतात आणि प्राणवायू कमी पडणं किंवा जंतुसंसर्ग त्यांना सोसत नाही. मेलेल्यांच्या जागी नव्या येतात, पण त्याही त्याच टप्प्यावर खोळंबतात. २०१४ मध्ये प्राणवायू कमी दिलेल्या उंदराच्या पिल्लांच्या नाकात ईजीएफ हा वाढघटक सोडल्यावर सुधारणा दिसली, पण दुखापतीनंतर लगेच दिल्यावर. नाकातून देण्याचं कारण साधं आहे: हे घटक मोठी प्रथिनं आहेत, शिरेतून दिली तर रक्त आणि मेंदू यांमधली भिंत फारशी ओलांडत नाहीत.

म्हणून पुढे औषधांचा रोख बदलला: खत घालण्यापेक्षा अडसर काढायचा. अडसर मानलेल्या लिंगो-१ या प्रथिनाला रोखणारं ओपिसिन्युमॅब हे औषध २०१६ च्या चाचणीत मुख्य कसोटीला उतरलं नाही. क्लेमास्टिन हे अॅलर्जीचं जुनं औषध २०१७ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसच्या ५० रुग्णांवर तपासलं. डोळ्यापासून मेंदूपर्यंत संदेश पोचायचा वेळ १.७ मिलिसेकंदानं घटला. सुधारणा खरी, पण चिमूटभर. शिवाय थकवा वाढला.

आज हातात काय आहे? बाळाचं वय जन्मतारखेवरून न धरता, डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या अपेक्षित तारखेवरून मोजावं. दोन महिने आधी आलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं, तरी त्याच्याकडून चार महिन्यांच्या बाळाचीच अपेक्षा ठेवावी. त्या हिशोबानंही मान धरत नसेल, मुठी सतत आवळलेल्या असतील किंवा पाय कात्रीसारखे एकमेकांवर येत असतील, तर जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात न्यावं. बाळ किंवा आई दूध-अंडी-मांस फारसं खात नसेल, तर बी-१२ तपासून घ्यावं. ते कमी पडलं तरी मायलिन बिघडतं आणि त्यावर स्वस्त उपाय आहे. इंजेक्शन देऊ म्हणणाऱ्याकडे चाचणीचा सीटीआरआय (देशातल्या औषध-चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक मागावा आणि प्रयोगाचे पैसे का घेता, हे विचारावं. रक्ताचे काही आजार सोडले, तर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर स्टेम सेलचे (मूळ पेशींचे) उपचारही देऊ नयेत, असं आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे.